कंसातली ओळ

नाटक डोळ्यांनी पाहण्याच्या आधी चार वर्षे मी नाटके वाचत होते. त्याला कारण वाचनालय. मंगरूळपीरच्या वाचनालयाचे चिटणीसपद माझ्या यजमानांकडे होते. दिवसा कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी दोन तास वाचनालय. मासिके टपालाने आमच्या घरी येत. तेव्हा पुष्कळ मासिकांची पाने कडेला जोडलेली असत, ती सुरीने कापल्याशिवाय आतले वाचता येत नसे. ते काम माझे होते.

"सावकाश काप," यजमान म्हणत, "पान फाटलं तर मेंबर लोक मलेच बोलतीन."

मी सावकाशच कापीत असे. इतके सावकाश, की एका मासिकाला दोन दुपारी लागत. माहेरी रिठदच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले होते. कविता मला अवघड जात आणि लेखांतले अर्धे शब्द कळत नसत. पण एक-दोन महिन्यांनी एखादी नाटिका येई, दहा-बारा पानांची, कोणा नव्याच लेखकाची. तिच्यातली माणसे घरात बोलावे तशी बोलत. एखादी बाई वाक्य अर्धे टाकून चुलीकडे उठून जाई. कोणी गात नसे, कोणाला शाप मिळत नसे. ते वाचताना मला भिंतीपलीकडचे ऐकल्यासारखे वाटे. मी फार बोलणारी नव्हते. लोकांत बसले की माझी जीभ टाळूला चिकटे. त्यामुळे दुसऱ्यांचे बोलणे असे छापून आलेले मला फार आवडे.

मुलींच्या शाळेच्या मास्तरीणबाई आमच्याच गल्लीत राहत. अमरावतीला ट्रेनिंग करून आलेल्या, वय तिशीच्या आसपास, विधवा. घरी म्हातारी आई आणि त्या, दोघीच. वाचनालयात बायका जात नसत, म्हणून त्या पुस्तक परत करायला आमच्या घरी येत. एकदा त्या आल्या तेव्हा मी पाने कापीत होते.

"वहिनी, कापता कापता वाचता वाटतं?"

"नाई बाई. नुसती कापतो."

"मग सुरी या पानावर मघापासून का थांबली आहे?"

मला हसू आले आणि लाजही वाटली. त्या समोर बसल्या. त्यांचे म्हणणे असे होते की, संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला महिला मंडळ दरवर्षी तेच ते राजाराणीचे प्रवेश करते, एकेक भाषण पाव तास चालते, आणि बायका तिळगूळ खाऊन पेंगतात. नव्या लेखकांचे काही छोटे मिळाले तर त्यांना हवे होते. पण शाळा आणि आईचे दुखणे यांतून इतकी मासिके चाळायला त्यांना वेळ कुठला?

"तुम्ही निवडा. मी बसवते," त्या म्हणाल्या.

मी एकच अट घातली. माझे नाव कोणापाशी घ्यायचे नाही. चौथी शिकलेली बाई नाटके निवडून देते हे गावात कळले असते तर मला गल्लीतून चालणे कठीण झाले असते. बाई म्हणाल्या, "शब्द देते. नाव जाणार नाही."

तेव्हापासून मी त्यांना चिठ्ठ्या देऊ लागले. कचेरीतले एका बाजूने कोरे कागद घरी येत, त्यांवर लिहीत असे. बायका किती लागतात, पुरुषाचे सोंग लागते का, सामान काय, हसायचे आहे की रडायचे, आणि शेवटी आपल्याकडे चालेल की नाही. पहिल्या वर्षी मी दिलेल्या नाटिकेत एक बाई टेलिफोनवर बोलते. आमच्याकडे बहुतेक बायकांनी टेलिफोन पाहिला नव्हता. मी लिहिले, 'टेलिफोनऐवजी खिडकीतून बोलता येईल. शेजारीण दिसली नाही तरी चालेल.' बाईंनी तसे केले आणि हशा पिकला. दुसऱ्या वर्षी माझी फजिती झाली. नाटिकेतली बायको नवऱ्याला सारखी नावाने हाक मारते, आणि नेमके तेच नाव ते काम करणाऱ्या बाईच्या सासऱ्यांचे निघाले. ती तोंड उघडीना. "मामंजींचं नाव घेऊ काय आता सगळ्या गावासमोर?" म्हणून ती रडायला लागली. बाईंनी नाव बदलले. पुढे मी चिठ्ठीत नावेसुद्धा लिहून देऊ लागले.

एक गोष्ट बाईंनी मला शिकवली. सुरुवातीला मी नाटिका वाचताना कंसातला मजकूर सोडून देत असे. तो नाटकवाल्यांसाठी असेल, आपल्याला काय करायचा, असे वाटे. बाई म्हणाल्या, "वहिनी, अर्धं नाटक कंसातच असतं. माणूस बोलतो एक आणि करतो दुसरं." त्या दिवसापासून मी कंस आधी वाचू लागले. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे जे झाले ते न कळल्यामुळे झाले असे मला म्हणता येत नाही.

तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षात एक नाटिका आली. लेखकाचे नाव मी आधी कधी वाचले नव्हते. एक खोली आणि तीन बायका, घरची सून, तिची मावससासू आणि शेजारीण. सुनेचा नवरा मुंबईला नोकरीला आहे. चार वर्षांत तो घरी आलेला नाही. शेजारणीच्या भावाकडून कळते की त्याने तिकडे दुसरा संसार थाटला आहे. मावससासू म्हणते, ऐकलेले विसर, कपाळावर कुंकू आहे तोवर तुला सगळे आहे. सून उठून आरशासमोर जाते. बराच वेळ बघते. मग म्हणते, "आता याचं काय काम?" त्याच्यापुढे कंस होता. त्यात लिहिले होते की ती पदराने कपाळावरचे कुंकू पुसते. मग पडदा.

मी सुरी खाली ठेवली. रिठदला माझ्या थोरल्या बहिणीचे असेच झाले होते. तिचा नवरा नागपूरला गिरणीत गेला तो तिकडचाच झाला. ती रोज सकाळी आरशासमोर बसून कुंकू लावी, रेघ वाकडी झाली तर पुसून पुन्हा लावी, आणि आई तिच्याकडे पाठ करून भाकरी थापीत बसे. त्या घरात त्यावर कोणी एक शब्द बोलले नाही. इथे कोणीतरी, मला न ओळखणाऱ्या माणसाने, ते लिहिले होते. ही नाटिका झालीच पाहिजे असे मला वाटले. आजवर कोणत्या गोष्टीबद्दल मला इतके वाटले नव्हते.

पण हळदीकुंकवाच्या दिवशी, सवाष्णींसमोर, एका सवाष्णीने कुंकू पुसायचे? बाईंनी तो कंस वाचला असता तर त्यांनी नाटिका बाजूला ठेवली असती असे मी धरून चालले. मासिक दोन दिवसांत वाचनालयात जायचे होते, म्हणून नाटिका वहीत उतरवून द्यावी लागणार होती. मी दुपारी बसून ती उतरवली. सगळे कंस लिहिले. तो एक लिहिला नाही. चिठ्ठीत लिहिले, 'तीन बायका. पुरुष नाही. आरसा लागेल. रडायचे आहे. आपल्याकडे चालेल.'

चार दिवसांनी बाई वही घेऊन आल्या.

"फार चांगली आहे. पण शेवट जरा कळत नाही. 'आता याचं काय काम' म्हणते ते कशाला उद्देशून? मासिकात काही होतं का पुढे?"

तिथे मला सांगता आले असते. बाईंच्या डोळ्यांकडे न बघता मी म्हणाले, "आरशाले म्हनत असन."

"आरशाला," बाई विचार करीत म्हणाल्या. "मग ती आरसा पालथा ठेवील. चांगलं दिसेल ते."

सुनेचे काम कापडवाल्या जैन शेठांच्या सुनेला दिले. वीस वर्षांची, आवाज मोकळा. तिची सासू, शेठाणी, मंडळातली मोठी बाई. तिने आधी का-कू केले, मग "पोट्टीले हौस हाय तं करू द्या" म्हणून सोडले. शाळा सुटल्यावर तालमी होत. मी एकदाच गेले, मागच्या बाकावर बसले. त्या मुलीने आरसा पालथा ठेवला तेव्हा बाकीच्या दोघी काम विसरून तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटले, झाले तेच बरे झाले.

वाचनालयाची रीत अशी होती की, मासिक दहा दिवस टेबलावर राही, नंतर मेंबरांच्या घरी पाळीने जाई. पहिली पाळी अध्यक्षांची. अध्यक्ष एक वकील होते आणि त्यांची बायको महिला मंडळाची अध्यक्षीण. मला हे ठाऊक होते. पण वकिलीणबाई नाटिका वाचतील, आणि तालमीत चाललेली हीच ती असे ओळखतील, हे माझ्या डोक्यात आले नाही.

हळदीकुंकवाला आठवडा होता. दर्ग्याकडच्या आळीतली चुडीवाली बांगड्या भरायला आली. माझा हात हातात घेऊन ती दाबत होती आणि बोलत होती. तिला गावातल्या सगळ्या घरांची खबर असे.

"भाभी, सुनलं का? शेठाणीनं सुनेले घरात बसवलं. नाटक बंद."

"काहून?"

"अरे, वकिलीणबाईनं किताबात वाचलं. त्या नाटकात बाई कुकू पुसते. अन् मास्तरीणबाईनं कोनाले सांगितलंच नाई. छुपाके रख्खा. अन् शेठाणीच्या पोराले, त्या सुनेच्या नवऱ्याले, परवापासून बुखार. आता सांगा!"

बांगडी माझ्या अंगठ्याच्या हाडावर अडकली आणि फुटली.

"हात ढिला सोडा ना भाभी! असा लकडीसारखा काहून केला?"

काच लागून रक्त आले. तिने ते आपल्या ओढणीने पुसले आणि पुढे सांगत राहिली. उद्या दुपारी वकिलांच्या माडीवर बायकांची बैठक आहे. शाळा कमिटीकडे अर्ज द्यायचा ठरते आहे. अशी बाई मुलींना नको, तिला इथून काढा. "शेठाणी काय म्हनते माहीत हाय? म्हनते, सोताचं गेलं तं दुसरीचं पुसायले निघाली."

ती गेल्यावर मी तशीच बसून राहिले. बाईंची नोकरी गेली तर म्हाताऱ्या आईला घेऊन त्या कुठे जाणार? माहेरचे दुसरे कोणी नव्हते आणि सासरच्यांनी केव्हाच दार लावले होते. आणि नोकरी अशा कारणाने गेलेल्या विधवेला दुसरी शाळा कोण देणार? अर्जात कारण लिहिले जाणार होते.

संध्याकाळी बाई आल्या. आत आल्या नाहीत. उंबऱ्यापाशी उभ्या राहून त्यांनी फडक्यात बांधलेली वही माझ्या हातात दिली.

"ही तुमच्याकडे ठेवा. माझ्या घरी सापडली तर कोणी अक्षर ओळखील."

"बाई, तुमी उद्या काय सांगसान?"

"जे आहे ते. माझ्याकडे आलेल्या मजकुरात ती ओळ नव्हती. कोणी दिला ते सांगणार नाही. शब्द दिलाय." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "घाईत राहून गेली असेल तुमच्याकडून. होतं असं."

त्या गेल्या. त्यांना माझ्यावर संशयसुद्धा नव्हता, याचेच मला जास्त भय वाटले.

जेवताना यजमानांना सांगितले. सगळे नाही, दोन वर्षे नाटिका मी निवडून देते आणि ही वही मी लिहिली, एवढेच. त्यांचा घास हातात राहिला.

"तू? दोन वर्षांपासून? अन् मले पत्ता नाई?"

"तुमी कधी इचारलं नाई."

"हे पाहा, वकील हायेत अध्यक्ष. उद्या म्हनतीन, मासिकं आधी चिटनिसाच्या घरात वाचली जातात. गप राह्य. दोन दिवसांत निपटते सगळं."

"बाईची नोकरी निपटन, दुसरं काय निपटन?"

मी त्यांना असे उलट कधी बोलले नव्हते. ते ताटाकडे बघत बसले. हात धुऊन आले तेव्हा म्हणाले, "जायचं तं जाय. पन मले इचारून आली असं तिथं सांगू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वही पदराखाली धरून वकिलांच्या माडीवर गेले. वीसेक बायका जाजमावर बसल्या होत्या. मी खांबाआड जागा धरली. बाई जाजमावर नव्हत्या. त्या दाराशी, जिन्याच्या तोंडाला उभ्या होत्या. बसा असे त्यांना कोणी म्हटले नव्हते. शेठाणी मधोमध बसली होती आणि सून तिच्या मागे, खाली मान घालून.

वकिलीणबाई पुण्याकडच्या, बोलणे शांत. त्यांनी मासिक उघडून तो कंस वाचून दाखवला. बायकांत कुजबुज झाली. कोणीतरी "अगं माय" म्हणाली.

"बाई, हे तुम्हाला ठाऊक होतं का?" त्यांनी विचारले.

"नाही. माझ्याकडे आलेल्या मजकुरात ही ओळ नव्हती."

"मजकूर कोनं देल्ला?" शेठाणी.

"ते मी सांगू शकत नाही."

"सांगू शकत नाई! पाह्यलं? म्हंजे कोनी नाईच. आमच्या घरचं कुकू काय खेळन्याची वस्तू हाय? आईन टायमाले स्टेजवर पुसायले लावलं असतं, मंग आमी काय केलं असतं?" मग सुनेकडे वळून, "बोल ना वं, तालमीत हात लावला का कपाळाले?"

"नाई, आत्याबाई. आरसा पालथा ठेवला फकस्त. बाईनं तसंच सांगितलं होतं."

"आरसा! सवाशिनीनं आरसा पालथा ठेवाव काय? तिकडं माह्या पोराचा ताप उतरून नाई राह्यला!"

"बाई, नाव सांगितलंत तर विषय इथेच मिटेल," वकिलीणबाई म्हणाल्या.

"मी शब्द दिला आहे," बाई म्हणाल्या.

मग अर्ज निघाला. वकिलीणबाईंनी तो आधीच लिहून ठेवला होता, खालचा भाग कोरा. ज्यांना येत होते त्या सही करीत, बाकीच्या अंगठा उठवीत. शाईची गादी आणि कागद हातोहात सरकत येत होते. मी मोजत होते. माझ्यात आणि कागदात पाच बायका. मग तीन. एकीचा अंगठा नीट उठेना, तिने दोनदा उठवला. मला वाटले, कोणीतरी बोलेल. दाराशी बाई उभ्या होत्या आणि माझ्याकडे चुकूनही बघत नव्हत्या. मी बसले आहे हे त्यांना दिसले होते, म्हणूनच त्या बघत नव्हत्या.

कागद माझ्या मांडीवर आला.

"कारकुनीणबाई, तुमी तं लिवनाऱ्या. चांगली सही करा," शेजारची म्हणाली आणि टाक माझ्या हातात दिला.

मी टाक खाली ठेवला. पदराखालून वही काढली आणि अर्जावर ठेवली. बोलायला तोंड उघडले तर आवाज निघेना. नुसती हवा गेली.

"काय हो ते?" वकिलीणबाई.

"वही."

"कसली वही?"

"नाटिकेची. अक्षर माझं हाय."

"जरा मोठ्यानं बोला."

"अक्षर माझं हाय," मी म्हणाले. आता आवाज इतका मोठा निघाला की मलाच धक्का बसला. "दोन वर्षं बाईले नाटिका मीच सांगून राह्यली. मासिकात कोनत्या चांगल्या हायेत ते. हे बी मीच सांगितली, मीच उतरवून देल्ली. बाईनं मासिक पाह्यलंच नाई."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. वकिलीणबाईंनी वही घेतली, मासिक शेजारी धरले आणि शेवटचे पान ताडून पाहिले. त्यांचा चेहरा सैल झाला.

"असं आहे होय. तुम्ही चौथीपर्यंतच शिकलात ना? कंसातलं उतरवायचं असतं हे तुम्हाला कळलं नसेल. चुकून राहिलं. झालं तर मग."

एवढ्यावर सुटता आले असते. 'हो' म्हटले असते तर बाईही सुटल्या असत्या आणि मीही. पण वहीत बाकीचे सगळे कंस होते. आज ना उद्या कोणीतरी पान उलटून बघितले असते, आणि मग तोच संशय पुन्हा बाईंवर गेला असता. शिवाय मला आता थांबताच येत नव्हते.

"चुकून नाई राह्यलं. कळत होतं. ते एकच नाई लिवलं."

"काहून?" शेठाणीने विचारले. तिचा आवाज आता अगदी खाली आला होता.

"लिवलं असतं तं बाईनं हे नाटक घेतलं नसतं."

खाली रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिचे चाक कुरकुरत दूर जाईपर्यंत ऐकू आले. मग दाराशी बाई बोलल्या.

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तेव्हाही ठाऊक होतं?"

"हो बाई."

बाईंनी जिन्याच्या कठड्याला हात टेकला. इतका वेळ त्या सरळ उभ्या होत्या.

शेठाणी उठली. अर्ज माझ्या मांडीवरून तिनेच उचलला आणि वकिलीणबाईंच्या हातात दिला. "हे फाडा. या बाईले तर काई ठावकच नव्हतं. फसवलं तिले बी अन् माह्या सुनेले बी." मग बाईंकडे वळून, "मास्तरीणबाई, तुमी शाळा शिकवा. नाटकं नको आता. पन खोटं तुमी बोलल्या नाई, ते मी सगळ्यांसमोर म्हनतो." आणि मग माझ्याकडे, "अन् तुमी. तुमच्या हातचं कुकू मी घेनार नाई."

तिने ते पाळले. माझ्या घरी ती पुढे कधी आली नाही आणि तिच्या घरचे बोलावणे मला आले नाही. तिच्या मुलाचा ताप बारा-तेरा दिवसांनी उतरला. तोवर मी रोज त्याच्यासाठी देवाला हात जोडत होते, हेही खरे. त्या वर्षी हळदीकुंकवाला नाटिका झाली नाही, शाळेच्या मुलींनी फेर धरला. मी गेले नव्हते, चुडीवालीने सांगितले. वाचनालयात यजमानांना वकिलांनी एवढेच विचारले, "काय चिटणीस, घरी मंडळी फार वाचतात म्हणे?" यजमान म्हणाले, "हो, वाचते." त्याच्यापुढे कोणी काही म्हटले नाही. पण काही महिने मासिके टपालातून परस्पर वाचनालयात जात होती.

त्या दिवशी बैठक उठली तेव्हा जिन्यात चपला शोधण्याची गर्दी झाली. शेठाणीची सून माझ्याजवळून जाताना थांबली. सासू पुढे गेलेली बघून हळूच म्हणाली, "काकू, कुकू पुसल्यावर थे पुढं काय करते?"

"काई नाई. पडदा पडते."

"असं!" ती म्हणाली. तिची निराशा झालेली दिसली. मग पदर सावरून सासूमागे धावली.

बाई आणि मी गल्लीपर्यंत बरोबर आलो. दोघींचा रस्ताच एक होता. क्षमा मागायला मी मनात शब्द जुळवले तर ते छापील वाटत. त्यांच्या दाराशी आल्यावर त्या थांबल्या.

"वहिनी, तो कंस मला दाखवला असतात तर मी नाटिका टाकली असती असं तुम्हाला वाटलं?"

"हो बाई."

"टाकली नसती. हळदीकुंकवाला केली नसती. शाळेत केली असती, रामनवमीला, नाही तर गावाबाहेर कुठे. मी वाट बघितली असती. तुम्ही मला विचारलंच नाहीत. परस्पर ठरवून टाकलंत." आणि मग अगदी हळू म्हणाल्या, "माझं कुंकू पुसलं तेव्हाही मला कोणी विचारलं नव्हतं."

आतून त्यांच्या आईने हाक मारली. त्या आत गेल्या. दार आपटले नाही, नेहमीसारखे लोटून घेतले.

त्यानंतर बाई अकरा वर्षे त्या शाळेत होत्या. रस्त्यात भेटल्या की त्या प्रकृती विचारीत, मुलांची चौकशी करीत. काय वाचले ते मात्र त्यांनी मला पुन्हा विचारले नाही. मीही आपण होऊन सांगितले नाही. पुढे कितीतरी चांगल्या नाटिका येऊन गेल्या. एक तर दोन बहिणींची होती, नुसती भाजी निवडता निवडता बोलत बसलेल्या, तिच्यासारखी मी दुसरी वाचली नाही. बाईंना ती फार आवडली असती.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाक सोडून परसात उभी होते. शाळा आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. वारा तिकडून असला तर ऐकू येई. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मला वाटले, बाई गेल्याच नाहीत, किंवा कोणी मुलींना पाठवलेच नाही. मग बेएके बे सुरू झाले. आधी एकटा बाईंचा आवाज, आणि त्यामागे मुली. किती मुली असतील ते मी आवाजावरून ठरवायला बघत होते. नेहमीपेक्षा कमी होत्या. पण होत्या.